दोन वाजताचं ऊन

मे महिन्यात दुपारी दोन वाजता जळगावच्या दाणा बाजारात फक्त कुलरचा आवाज असतो. आडत्यांच्या गाळ्यांची शटरं अर्धी ओढलेली, लोटगाड्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, पानटपरीवाला पाय वर घेऊन डुलक्या काढत बसलेला. पारा 44-45 वर गेला की एक ते चार आमचं गाव कोणी न सांगता मिटून घेतं. मी त्याच वेळी घराबाहेर पडते. डोक्याला ओली सुती ओढणी, पिशवीत पाण्याची बाटली आणि आईनं आठवणीनं टाकलेला कांदा, मनगटाला पट्टा गुंडाळलेला एक लहानसा कॅमेरा.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिना माझा. अकरा वर्षं झाली, मी रस्त्यावरचे फोटो काढते आहे. कार्तिकी एकादशीला रथ निघतो तेव्हाचे नाही, गणपतीचे नाही, मोर्च्यांचेही नाही. त्या दिवशी गावात इतके मोबाइल वर झालेले असतात की आणखी एकाची गरज नसते. मला हवी असतात ती माणसं, कामाच्या दोन फेऱ्यांच्या मधली. पोतं खाली टाकलं आहे आणि दुसरं अजून उचललेलं नाही, त्या वेळची.

बाजारातल्या दोन गाळ्यांच्या मध्ये एक निळी ताडपत्री बांधलेली आहे. उन्हानं विटून तिचा निळा पाण्यासारखा पातळ झालाय. खाली एक जुना लोखंडी वजनकाटा, आणि त्याच्या शेजारी रिकाम्या बारदानाची चवड. त्या चवडीवर तीन-चार हमाल झोपतात. त्यातले एक सगळ्यांचे आबा. साठी उलटलेली, अंगात बंडी, डोळ्यांवर उपरणं. झोपेतही त्यांच्या उजव्या हातात पोती ओढायच्या आकड्याची मूठ असते. घट्ट धरलेली नाही, नुसती हातात असते, जसं लहान मूल झोपेत आईच्या पदराचं टोक धरतं. टाचांना भेगा, आणि त्या भेगांत हरभऱ्याची पिवळट भुकटी बसलेली. आंघोळीनं ती निघत असेल असं वाटत नाही. ताडपत्रीतून झिरपलेला उजेड आबांच्या बंडीवर, बारदानावर, काट्याच्या लोखंडावर सारखाच निळा पडतो. कॅमेऱ्याला तो रंग चूक वाटतो. तो आपल्या मनानं दुरुस्ती करायला जातो आणि बारदान केशरी करून टाकतो. मी ती सोय बंद केली आहे. तिथं बसलेल्या माणसाला दुपार निळीच दिसते, तर फोटोतही ती निळीच असू दे.

या एका जागेचे माझ्याकडे चारशेच्या वर फोटो आहेत. ठेवण्यासारखे नऊ.

हे वेड लागलं त्या काळात मी पुष्कळ वाचलं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे नाव तेव्हाच भेटलं. हाताच्या मुठीत मावेल असा लायका कॅमेरा घेऊन हा माणूस जगभर फिरला. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीनं झाकायचा, म्हणजे कोणाचं लक्ष जायला नको. सगळीकडे सल्ला एकच होता: दिसू नका. गर्दीत मिसळा, कॅमेरा पोटाशी धरा, बघायचं एकीकडे आणि टिपायचं दुसरीकडे. पॅरिसमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, मुंबईतसुद्धा हे जमत असेल. लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाला तुम्ही कोण आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं.

जळगावात मी सुभाष चौकात पाऊल टाकलं की उसाच्या रसाच्या गाड्यावरून हाक येते, "काय बाई, उन्हाचं कुठं निघाल्या?" तो 2008च्या बॅचचा. नेहरू चौकातला वाहतूक पोलीस माझा विद्यार्थी. सराफ बाजारात एका पेढीच्या काउंटरवर बसणारी मुलगी माझी विद्यार्थिनी. तिचे वडील माझ्या मोठ्या दिरांचे मित्र. जे मला ओळखत नाहीत ते दोन प्रश्नांत ओळख काढतात. माहेर कुठलं, आडनाव काय, म्हणजे अमळनेरचे की पारोळ्याचे. तिसऱ्या प्रश्नाला आमचं काही ना काही नातं निघतं. पहिल्या दोन वर्षांतले माझे सगळे फोटो एकाच प्रकारचे आहेत: कॅमेऱ्याकडे बघून हसणारी, हात जोडलेली, केस नीट केलेली माणसं. "बाई, थांबा, शर्ट नीट करतो." मी थांबायचे. फोटो काढायचे. घरी आल्यावर रडू यायचं, कारण शर्ट नीट करायच्या आधीचा माणूस मला हवा होता.

एका उन्हाळ्यात मी ठरवलं की कॅमेरा उचलायचाच नाही. नुसतं जाऊन बसायचं. दाणा बाजारात त्या काट्याशेजारी एक उलटी पाटी होती, तिच्यावर मी बसायला लागले. पहिल्या दिवशी चहा आला. दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "शाळेचं काही काम आहे का बाई? सर्वे?" मी म्हटलं, फोटो काढायचेत. ते उठून बसले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, काढा. मी म्हटलं, आज नाही. असं पाच-सहा वेळा झालं. मग विचारणं बंद झालं. मग चहाही बंद झाला, आणि तेव्हा मला कळलं की आता जमतंय. पाहुण्याला चहा देतात, रोजच्या माणसाला कोण विचारतं! साधारण सातव्या आठवड्यात आबा माझ्यादेखत झोपले. बंडीची दोन बटणं उघडी, तोंड किंचित वासलेलं. मी कॅमेरा उचलला तेव्हा शेजारच्या हमालानं एक डोळा उघडून पाहिलं आणि कूस बदलली.

माझं सगळं शिकणं त्या कूस बदलण्यात आहे. आमच्यासारख्या गावात अनोळखी होऊन फोटो काढता येत नाहीत. तिथं ओळखच इतकी जुनी व्हावी लागते की ती कोणाच्या लक्षात राहत नाही. याला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याही लेन्सनं वाचत नाही. मी घाई करून पाहिलेली आहे.

त्या घाईची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट आहे.

फुले मार्केटमध्ये एका संध्याकाळी, दुकानं बंद व्हायच्या सुमाराला, पायऱ्यांवर एक मुलगी बसली होती. विशीच्या आतली. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, मांडीवर पुस्तकांची बॅग, आणि ती एकटीच कुल्फी खात होती. अगदी हळू. वितळलेला थेंब मनगटावर आला की तो चाटायची आणि पुन्हा समोर बघत बसायची. समोर काहीही नव्हतं, बंद शटर होतं फक्त. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मला माझ्या विशीतली एकही अशी संध्याकाळ आठवेना, ज्यात मी कोणाची मुलगी, कोणाची बहीण नसून नुसती बसले होते. मी एकच फोटो काढला. तिला कळलं नाही. त्याच रात्री तो माझ्या फेसबुकवर टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या.

अर्ध्या तासात कोणीतरी खाली लिहिलं, "ही तर आमच्या गल्लीतली." ती वेळ तिच्या क्लासची होती. घरी ती क्लासला गेली आहे असंच माहीत होतं. सकाळी तिच्या भावाचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यानं, मला "मॅडम" म्हणत होता, म्हणून जास्त लागलं. मी फोटो काढून टाकला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. तिच्या आईनं पाणी दिलं, चहा केला, माझ्या सासूबाईंची तब्येत विचारली. फोटोबद्दल एक शब्द नाही. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. निघताना दारापाशी आई एवढंच म्हणाली, "क्लास बंद केलाय तिचा, तिच्या वडलांनी." महिन्याभरानं तो परत सुरू झाला हे मला दुसरीकडून कळलं. पण तो महिना तिचा गेला, आणि त्याहून मोठी गोष्ट, त्या पायऱ्यांवर ती पुन्हा कधी बसली असेल असं मला वाटत नाही.

सार्वजनिक जागी फोटो काढायला आपल्याकडे कायद्यानं सरसकट मनाई नाही. हे वाक्य मला तेव्हा बऱ्याच जणांनी समजूत म्हणून ऐकवलं. खरं आहे ते. पण मुंबईत तोच फोटो 'शहरातली एक मुलगी' म्हणून पाहिला गेला असता. जळगावात त्या मुलीला नाव आहे, गल्ली आहे, काका आहेत. मला अनोळखी होता येत नाही याची तक्रार मी दोन वर्षं करत होते, आणि समोरच्यालाही अनोळखी राहता येत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखू येणारा चेहरा असेल तर मी फोटो आधी त्या माणसाला दाखवते. तो हो म्हणेपर्यंत तो कुठेही जात नाही. बरेच फोटो मग घरातच राहतात, कपाटातल्या डब्यात. याचं मला आता दुःख होत नाही. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी व्हिव्हियन मायर नावाची बाई आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढत राहिली. कितीतरी रोल तिनं धुऊनही घेतले नाहीत. 2007 साली तिच्या वस्तू लिलावात निघाल्या तेव्हा लोकांना ते फोटो सापडले, आणि 2009 मध्ये ती गेली. तिच्याबद्दल लिहिणारे हळहळतात की तिला प्रसिद्धी मिळाली नाही. मला तिचा दिवस डोळ्यांपुढे येतो: मुलांना फिरायला नेलं आहे, आणि वाटेत तिनं जे पाहिलं ते तिचं झालं आहे.

धुळ्याला माझी मावशी राहते, जुन्या गावात, नंबराच्या गल्लीत. पेशवाई 1818 मध्ये संपली, खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं करून पेठ आखली. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना अजून नंबर आहेत, आणि जळगावच्या जुन्या भागातल्या वळणावळणांच्या बोळांची सवय असलेल्या माझ्यासारखीला त्या पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ वाटतात. सरळ गल्लीत लपायला जागा नसते. तुम्ही टोकाला दिसलात की दुसऱ्या टोकापर्यंत बातमी जाते.

आणि दोन्ही बाजूंना ओटे. ओटा घरात मोडतो की रस्त्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई ओट्यावर केस विंचरते, वाती वळते, नातवाला भरवते, म्हणजे ते घर आहे. पण जाणारा-येणारा तिथं टेकतो, पाणी मागतो, पोस्टमन पत्त्याची चौकशी करतो, म्हणजे तो रस्ताही आहे. म्हणून ओट्यावरच्या बाईचा फोटो मी दुरून काढत नाही.

मावशीच्या शेजारच्या आजी एका सकाळी सुपात दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, निवडत बसल्या होत्या. माझ्या हातातला कॅमेरा बघून म्हणाल्या, "मन्हा फोटो काढीसन काय करशी वं माय?"

मी म्हटलं, काही नाही आजी, ठेवीन.

"ठेवीसन काय करशी?"

मला उत्तर आलं नाही. आजींनी सूप थोडं माझ्याकडे सरकवलं. मी बसले आणि निवडायला लागले. खडे बोटाच्या टोकानं ओट्याच्या कडेला ढकलायचे, काडी दिसली की फुंकर. अर्धा तास आम्ही काही बोललो नाही. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून ओट्यापर्यंत आलं. आजींनी सूप उचललं आणि पाखडायला उभ्या राहिल्या. कोंडा उडाला. तिरप्या उन्हात तो क्षणभर तसाच हवेत थांबला आणि त्याच्या पलीकडे आजींचे डोळे अर्धे मिटलेले. मी कॅमेरा उचलला, एकदाच. त्यांनी पाहिलं, पाखडणं थांबवलं नाही. नंतर स्क्रीनवर दाखवला तेव्हा त्यांनी स्वतःकडे फार लक्ष दिलं नाही. मागच्या भिंतीचे पोपडे निघालेत, दिवाळीआधी चुना मारायला हवा, असं म्हणाल्या. पुढच्या खेपेला मी प्रिंट नेला. तो त्यांनी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. भिंतीला तोवर चुना लागला होता.

खान्देशात राहून कॅमेरा हातात धरणाऱ्याला चाळीसगावला एकदा तरी जावंच लागतं. केकी मूस (1912–1989) तिथले. इंग्लंडला शिकून आले आणि स्टेशनजवळच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं राहिले. या काळात ते बाहेर पडले असतील ते बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. घराला रेम्ब्राँट या डच चित्रकाराचं नाव दिलेलं. त्यांची ख्याती टेबल टॉप फोटोग्राफीची: टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा, आणि त्यातून खराखुरा वाटावा असा देखावा उभा करायचा. एका व्यक्तीची वाट पाहत मेल गाडीच्या वेळेला ते दार उघडत, ही गोष्ट चाळीसगावात आजही सांगतात. पहिल्यांदा मी ते घर शाळेच्या सहलीबरोबर पाहिलं तेव्हा वाटलं, हे अगदी माझ्या उलट. मला रस्ता लागतो, यांना उंबरा ओलांडावासाच वाटला नाही. दुसऱ्यांदा एकटी गेले. त्या वेळी एकेका फोटोपुढे उभं राहून मी वेळ मोजत होते: हा उजेड बसवायला किती तास लागले असतील, ही एक वस्तू बोटभर सरकवायला किती. बाहेर स्टेशनावर गाडी आली, गेली. मला त्या घरातून निघवेना.

मूस यांच्या पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, सुरतेजवळच्या नवसारीला होमाई व्यारावाला जन्मल्या. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, अवजड कॅमेरा सांभाळत त्या दिल्लीत सायकलवर फिरल्या. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुरुषांच्या गर्दीत साडीतल्या बाईला कोणी गंभीरपणे घेत नसे, आणि म्हणूनच त्यांना कुठेही जाता येई, हे वाचलं तेव्हा मला फार बळ आलं. दाणा बाजारात बाईमाणूस दुपारी दोनला बसलं की आजूबाजूला कुजबुज होते. मी ती सोसली आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या शाळेच्या बाईंना गल्लीतल्या बायका जितक्या सहज ओट्यावर बसू देतात, तितकं कुठल्याही पुरुषाला बसू देणार नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल विचारणारे बरेच भेटतात, म्हणून थोडं. माझी लेन्स 28 मिलिमीटरची, झूम नाही. म्हणजे फोटो काढायचा तर जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेलं की लपता येत नाही. उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र एफ 8 वर, फोकस सहा-सात फुटांवर बांधलेला, बाकी हात मोकळे. उन्हासाठी जुना नियम पुरतो: एफ 16 ठेवा आणि शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेडाबद्दलच्या संवेदनशीलतेच्या, आकड्यावरून घ्या; आयएसओ 200 तर सेकंदाचा दोनशेवा भाग. खान्देशच्या उन्हात तो वर्षातले आठ महिने चुकत नाही. अडचण सावलीत येते. भगभगीत उन्हातून ताडपत्रीखाली शिरलं की डोळ्यांना काही दिसत नाही. कॅमेऱ्याचं सेटिंग बाहेरच बदलून घ्यायचं आणि मग आत यायचं. मोबाइलनंही हे सगळं होतं. माझे दोन आवडते फोटो मोबाइलचेच आहेत.

मे संपला की जागा बदलतात. पहाटे भुसावळच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाले एकाच रिक्षात दाटीवाटीनं बसून गाडीची वाट पाहतात, कोणी बोलत नाही. थंडीत भरताची वांगी भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटतात आणि धुरातून संध्याकाळचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली येतं. भाजणाऱ्या बाईचे डोळे पाणावलेले असतात, ती मनगटानं पुसते, कारण बोटांना काळं लागलेलं असतं. हे मी दर हिवाळ्यात काढते. दर वेळी मनगट थोडं वेगळं.

पण मी परत त्या काट्यापाशी येते. ताडपत्रीला एका कोपऱ्यात पंजाएवढं भोक आहे. मे महिन्यात दोन वाजून वीस मिनिटांच्या आसपास त्यातून सरळ ऊन येतं आणि निळ्यात एक पांढरा गोळा काट्याच्या लोखंडी पाट्यावर पडतो. पाच-सहा मिनिटं तिथं राहतो, मग घसरत घसरत जमिनीवर उतरतो. पाट्यावर त्या वेळी काहीही नसतं. आबांचा आकड्याचा हात तिथून वीतभर लांब असतो. झोपेत ते कधी डावीकडे वळतात, कधी उजवीकडे. तीन उन्हाळे झाले, मी एकदाही म्हटलं नाही की आबा, हात जरा इकडं ठेवा. म्हटलं तर ते लगेच ठेवतील, हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आडत्यानं ती ताडपत्री बदलायला काढली होती. आबांनीच त्याला थांबवलं. बाईंचं काहीतरी राहिलंय तिथं, असं म्हणाले म्हणे. मला हे चहावाल्याकडून कळलं, आबा स्वतः काही बोलले नाहीत. या मे महिन्यात भोक थोडं वाढलंय, ऊन मागच्यापेक्षा मोठं पडतं. काल दोन वाजून तेवीस मिनिटांनी त्यांची करंगळी काट्याच्या कडेपर्यंत आली होती.